सर, छापत नाहीत, विणतात!

या महिन्याच्या पत्रांत शिक्षकांचीच पत्रं जास्त निघाली आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तिथंच येतोय, की वर्गात आपल्याला न येणारी गोष्ट समोर आली तर काय करायचं. मी सोलापुरात ३१ वर्षं गणित शिकवलंय, हा प्रश्न मलाही पडलेला आहे, त्यामुळे बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून यावेळी एवढंच घेते.

प्रश्न : मॅडम, मी मूळचा रत्नागिरीकडचा. दोन वर्षांपासून सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला गणित-विज्ञान शिकवतोय. मागच्या महिन्यात सममिती समजावताना सोलापुरी चादरीचं उदाहरण घेतलं आणि बोलता बोलता म्हणालो की चादरीवर हे डिझाइन छापतात तेव्हा दोन्ही बाजू सारख्या येतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, छापत नाहीत, विणतात." आख्खा वर्ग हसला. हा मुलगा गणितात कच्चा, चाचणीत २० पैकी ४ मार्क. मी त्याला खाली बस म्हणालो आणि पुढं गेलो. आता फळ्याकडे तोंड केलं की मागून "छापतात, छापतात" असं ऐकू येतं. वचक गेल्यासारखं वाटतंय. काय करू?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, पहिलं काम उद्याच करा. त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर त्या मुलाचं नाव घेऊन सांगा की तू बरोबर होतास, मी चुकलो. एवढंच. त्याला खाली बस सगळ्यांसमोर म्हणालात ना, मग हेही सगळ्यांसमोरच व्हायला पाहिजे, स्टाफरूममध्ये बोलावून पाठीवर हात ठेवून चालणार नाही. आणि मग त्याला विचारा, कसं विणतात ते मला दाखवशील का? विचारून सोडून देऊ नका, खरंच जा.

मी तर सोलापुरातच जन्मले. घरात उन्हाळा-हिवाळा हीच चादर, पाहुण्यांना भेट द्यायचीही हीच, पण नोकरीला १२ वर्षं होईपर्यंत मी एकाही लूमच्या शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, रोज उशिरा यायची, मी रोज बोलायची, कधीकधी दाराबाहेर उभं करायची. एक दिवस वैतागून विचारलं की सकाळी करतेस तरी काय, तर म्हणाली बाई, कांड्या भरते. मला कांडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिनं फळ्यावर काढून दाखवलं, धोट्यात, म्हणजे लूमवर दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीसारख्या भागात, जी दोऱ्याची नळी बसते ती कांडी, वडील लूमवर उभे राहायच्या आत त्या भरून ठेवाव्या लागतात. मी तिला इतके दिवस ज्या कामापायी उभं केलं होतं ते काम काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं, हे मला आजही लागतं. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले.

तुम्ही गेलात की पहिल्यांदा आवाज अंगावर येईल. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथली माणसं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर समजून घेतात. तिच्या वडिलांनी माझ्यासाठी एक लूम बंद केला आणि वरची जेकॉर्ड, म्हणजे नक्षी उमटवणारी यंत्रणा, दाखवली. पुठ्ठ्याच्या कार्डांची एक लांब माळ तिच्यावरून फिरत असते आणि प्रत्येक कार्डाला भोकं पाडलेली. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा म्हणजे उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हूक उचलला जात नाही, धागा खालीच राहतो. मग वरचे धागे आणि खालचे धागे यांच्या मधून धोटा बाण्याचा म्हणजे आडवा दोरा घेऊन सपकन पलीकडे जातो, की पुढचं कार्ड. असं एकेक ओळ करत चादरीवर मोर उमटतो, फुलं उमटतात. डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, एकेक चौकोन बघून कार्डाला भोक पाडायचं की नाही ते ठरतं. आता बऱ्याच ठिकाणी कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक जेकॉर्ड आलीय, तत्त्व तेच.

मी तिथं उभी होते आणि मला एकदम दिसलं की हा तर माझा घातांकाचा धडा आहे. एका जागी दोनच शक्यता, भोक आहे किंवा नाही. दोन जागा घेतल्या तर ४, तीन घेतल्या तर ८, आणि नुसत्या आठ धाग्यांसाठी २ चा ८ वा घात म्हणजे २५६ वेगवेगळ्या ओळी होतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर कोरडं शिकवत होते आणि मुलं पाठ करत होती, आणि वर्गातल्या निम्म्या घरांत ते रोज डोक्यावरून फिरत होतं! सोमवारी ती मुलगी फळ्यापाशी उभी राहिली आणि मी तिच्या बाकावर बसले. तिनं कार्ड कसं चालतं ते सांगितलं, मी मधे मधे प्रश्न विचारले, खरे प्रश्न, मला जे कळलं नव्हतं ते. एका प्रश्नाचं उत्तर तिलाही आलं नाही, ते तिनं घरी विचारून मंगळवारी आणलं. तिचं झाल्यावर मग मी उठले आणि त्या भोकांचा घातांक मांडला. तो भाग माझा होता आणि तो मी सोडला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण मुलांकडून शिकायचं म्हणजे आपला विषय गुंडाळून ठेवायचा असं काहीजण समजतात.

तुम्ही विज्ञानही शिकवता, म्हणून अजून एक सांगते. ही कार्डाची युक्ती फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जेकार्डची, १८०४ सालची. त्याच्या आधीही काही जणांनी भोकांच्या कागदावर प्रयत्न केले होते, पण नीट चालणारा लूम त्यानं केला. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राचा आराखडा करताना सूचना द्यायला हीच कार्डं घेतली आणि अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर झाली. कॉम्प्युटरची गोष्ट मागं मागं नेली की लूमपाशी येते. तुमच्या त्या मुलाला हे सांगा, त्याच्या वडिलांसमोर सांगता आलं तर अजून बरं. पण आधी त्याचं ऐकून घ्या, मग हे. उलट केलं तर ते परत तुमचंच लेक्चर होईल.

थोडं व्यवहाराचंही बघा. मालकाची परवानगी आधी घ्या. एका वेळी आठ-दहाच मुलं न्या, धोटा उडून लागतो, त्यामुळे आधी बंद लूम दाखवा आणि चालू लूम लांबूनच. मुलांसमोर वडिलांना पगार विचारू नका. आणि तो मुलगा लगेच गणितात चमकेल अशी अपेक्षा धरू नका. माझ्या त्या विद्यार्थिनीला पुढच्या चाचणीत २० पैकी ११ पडले, आधी ६ पडायचे. मला ते ११ फार मोलाचे वाटले.

वचकाचं म्हणाल तर सर, तुमची चूक झाली म्हणून तो गेला नाही. मुलाचं बरोबर असताना त्याला खाली बसवलंत, मुलं त्यावर कुजबुजतायत. तुम्ही मान्य केलंत की ते चिडवणं आपोआप थांबेल, कारण चिडवायला काही उरणारच नाही.

प्रश्न : मॅडम, दुसरीच्या वर्गावर आहे. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही उर्दू. पंचवीस लिहा म्हटलं की ५२ लिहितात, एकोणतीसला ३९ लिहितात. दहा दहा वेळा घोटून घेतलं तरी तेच. वय ४९ आहे. आता मी तेलुगू शिकत बसू का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, हो, शिका. सगळी नको, आधी शंभरपर्यंतचे आकडे शिका, आणि ते त्या मुलांकडूनच शिका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तेलुगूत वीस म्हणजे इरवै आणि पाच म्हणजे ऐदु, पंचवीस म्हणजे इरवै ऐदु. आधी वीस, मग पाच. जसं बोलतो तसंच लिहायचं. आपण मराठीत आधी पाच म्हणतो आणि मग वीस, आणि लिहिताना मात्र आधी २ लिहितो. ज्या मुलानं ऐकलं तसं लिहिलं त्यानं ५२ लिहिलं, म्हणजे त्यानं कान देऊन ऐकलंय. एकोणतीसचं तर अजून अवघड, तेलुगूत ते इरवै तोम्मिदि, कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु, दोन्हींचा अर्थ सरळ वीस-नऊ. आपण म्हणतो तीसला एक कमी. शब्दात तीस ऐकू येतं, मूल ३ लिहून मोकळं होतं, त्यात त्याचं काय चुकलं? आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून ९९ ला आपण एकदम नव्व्याण्णव म्हणतो. मराठी घरातल्या मुलाला हे कानावर पडून पडून येतं, बाकीच्यांना आपण कधी समजावूनच सांगत नाही.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला वीस पाच अशीही वाचनाची पद्धत दिली होती, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. मराठी बुडाली इथपर्यंत लोक बोलले. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की ज्यांनी कधी तेलुगू घरातल्या मुलाला एकोणसाठ लिहायला शिकवलं नाही त्यांना ही अडचण कळणं अवघड आहे. पंचवीस, एकोणसाठ हे शब्द मुलांना यायलाच पाहिजेत, बाजारात तेच चालतात, पण पंचवीसपर्यंत पोचायला वीस पाच ही पायरी दिली तर बिघडतं कुठं?

तर उद्या वर्गात असं करा. फळ्यावर २५ लिहा आणि विचारा, तुमच्या घरी याला काय म्हणतात? तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्यांचं येऊ द्या, फळ्यावर देवनागरीत लिहा. तुमचा उच्चार चुकेल, मुलं दुरुस्त करतील, त्यांना करू द्या, वर्गात सगळ्यात गप्प बसणारं पोर त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं बोलेल बघा. मग विचारा की कोणत्या भाषेत वीस आधी येतं, कोणत्या भाषेत पाच आधी येतं. सात वर्षांची मुलं हे बरोबर ओळखतात. एकदा त्यांना कळलं की मराठीत उलटं बोलून सुलटं लिहायचं, की ५२ ची चूक कमी होत जाते. एका दिवसात नाही, पण होते.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालशिक्षणाचं जे काम केलं त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत म्हणून आसपास जे मिळतं तेच घेतलं, मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणात गेल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. त्या मुलांचा दिवस कसा जातो हे आधी शिकावं लागलं असेल ना त्यांना? तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी आई विड्या वळत असेल, त्याचा हिशोब हजारावर चालतो, हजार विड्यांमागे मजुरी. हजार ही संख्या त्या मुलाच्या घरात रोज आहे आणि आपण पुस्तकात ती पुढच्या वर्गासाठी राखून ठेवतो. विचारून बघा त्यांना.

आणि तेलुगू शिकताना एक गंमत कळेल. आपला माग, तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग. आपण शिकणं-शिकवणं म्हणतो, उर्दूत सीखना-सिखाना, कन्नडमध्ये कलि म्हणजे शीक आणि कलिसु म्हणजे शिकव. तेलुगूतही नेर्चुकोवडं शिकणं आणि नेर्पडं शिकवणं. आपल्या शहराच्या चारही भाषांत शिकवणं हा शब्द शिकण्याच्या मुळातून आलाय. मला हे एका सातवीतल्या मुलानं दाखवून दिलं होतं, मी नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. त्यानं मॅडमना विचारलं की सिद्धेश्वर तलावाचं पाणी हिरवं का दिसतं. मॅडम म्हणाल्या मला नक्की माहीत नाही, आपण मिळून शोधू. एवढी फी भरून हेच ऐकायचं का? तक्रार करावी का?
— एक पालक, होटगी रोड

उत्तर : ताई, तक्रार करायच्या आधी मुलाला एकच विचारा, दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो विषय परत काढला का? काढला असेल तर तुमच्या मुलाला चांगली शिक्षिका मिळालीय, त्यांना तसं सांगाही. काढलाच नसेल तर तुमची नाराजी बरोबर आहे, कारण मिळून शोधू म्हणून विसरून जाणं म्हणजे पोराला टोलवणं झालं. धड्याची तयारी न करता आलेल्या शिक्षकानंही या वाक्याआड लपू नये. भागाकार येत नाही असं पाचवीच्या शिक्षकानं म्हटलेलं मी खपवून घेणार नाही. पण तलावाचं पाणी पुस्तकात नाही.

उत्तर म्हणाल तर असं हिरवं पाणी बहुतेक वेळा सूक्ष्म शेवाळामुळे दिसतं, पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरसचे क्षार वाढले आणि ऊन मिळालं की ते भराभर वाढतं. घरी करून बघा. मोठ्या माणसानं दोन बाटल्यांत ते पाणी आणायचं, एक बाटली उन्हाच्या खिडकीत, एक बंद कपाटात, आणि मुलानं दहा-बारा दिवस रोज रंग लिहून ठेवायचा. ती वही मॅडमना नेऊन दाखवू दे.

प्रश्न : मॅडम, मी ४६ वर्षांची, चौथीला शिकवते, २१ वर्षं नोकरी झाली. आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागणार. मुलगी दहावीत आहे. तिच्यासमोर अभ्यासाला बसायची लाज वाटते, म्हणून ती झोपल्यावर स्वयंपाकघरात बसते. गणिताचं काही आठवत नाही. नापास झाले तर वर्गात, घरात कुठल्या तोंडानं उभी राहू?
— एक शिक्षिका, बार्शी रोड

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २१ वर्षं शिकवल्यावर परत परीक्षा द्या म्हटल्यावर राग येतो, तो येणारच, माझ्या कितीतरी जुन्या सहकाऱ्यांची झोप उडालीय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्यांच्या निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त वेळ आहे त्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हावं. तुमची तर अजून १२ वर्षं आहेत. संघटना काय करायचं ते करतील, तुम्ही त्या भरवशावर अभ्यास थांबवू नका.

पेपर समजून घ्या म्हणजे निम्मी भीती जाईल. तुम्हाला पेपर एक. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० मार्क. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क लागतात. मराठी आणि परिसर अभ्यास तुम्ही रोज शिकवता. बालमानसशास्त्रातल्या पियाजेचे टप्पे, वायगोट्स्कीचा जाणत्याच्या मदतीनं शिकण्याचा विचार हे सगळं तुमच्या वर्गात रोज घडतंय, फक्त त्याची पुस्तकातली नावं पाठ करायची आहेत. वायगोट्स्कीचं म्हणणं असं, की मुलाला एकट्याला जे जमत नाही पण जाणत्याच्या मदतीनं जमतं, शिकणं नेमकं तिथं होतं.

आणि आता तुमच्या घरात जाणती कोण आहे? दहावीतली मुलगी! गणित तिच्या हातात ताजं आहे. स्वयंपाकघरातून बाहेर या. एकाच टेबलावर बसा, तिची पुस्तकं एका बाजूला, तुमची दुसऱ्या बाजूला. रोज रात्री अर्धा तास तिनं तुम्हाला शेकडेवारी, लसावि-मसावि, क्षेत्रफळ शिकवायचं, चुकलात तर तिनं सांगायचं. यात तिचा वेळ जातो असं मनात आणू नका, दुसऱ्याला समजावून सांगताना आपलं किती पक्कं होतं हे आपल्याला शिक्षक म्हणून माहीतच आहे. तिला कंटाळा आला, ती चिडली, आई तुला कितीदा सांगू म्हणाली, तर ते लक्षात ठेवा. आपणही चौथीतल्या पोराला हेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते तुम्हाला त्या रात्री कळेल. माझ्या बाबतीत ते पन्नाशीत झालं, कॉम्प्युटर शिकताना. माझी भाची वरच्या आवाजात बोलली आणि मला कळत असलेलंही कळेनासं झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात माझा आवाज खाली आला तो नंतर वर गेला नाही.

वर्गातल्या मुलांनाही सांगा की माझीपण परीक्षा आहे. चौथीतली पोरं आहेत, रोज विचारतील, बाई अभ्यास झाला का? त्यांना खरं उत्तर द्या, झाला तर झाला, नाही तर नाही. पहिल्या वेळी नाही जमलं तर तेही त्यांना सांगा आणि दुसऱ्यांदा फॉर्म भरा. त्या वर्गात अशी मुलं असतील ज्यांना नापास होणं म्हणजे सगळं संपलं असं घरी सांगितलं जातंय.

दोघींच्या परीक्षा झाल्या की मला पत्र टाका. लेकीचे गणिताचे मार्कही कळवा.